जातो म्हणू नये

१

संगिताला पहिला राग यायचा तो चहाच्या आधी. नळाला पाणी आलं नाही म्हणून, आलं तर गढूळ म्हणून, आणि स्वच्छ आलंच तर शेजारणीने आधी हंडा लावला म्हणून. नरपडला चिकूच्या वाडीमागे त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरात सकाळी सहाला जे भांड्याला भांडं लागायला सुरुवात व्हायची ते रात्री निजेपर्यंत. पण तिचा राग कुणाला बाधायचा नाही, कारण नवरा तिला सव्वाशेर भेटला होता. प्रविण डहाणू स्टेशन ते गंजाड टमटम चालवायचा. "पुढे सरक रे, बापाची गादी आहे काय?" असं तो स्टेशनावर ओरडला की दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला कळायचं, गाडी सुटायला आली, पळा.

दोघांची रोज जुंपायची. भाजीतल्या मिठावरून, पंख्याच्या वेगावरून, कुणाच्या माहेरच्यांनी लग्नात काय केलं यावरून. मनसोक्त भांडायची आणि मग पोटभर जेवायची. अठरा वर्षं हा संसार असा चालला होता आणि छान चालला होता. एकुलती एक रविना तलासरीला हॉस्टेलवर राहून अकरावीला होती. ती म्हणायची, "आई, तुमच्या दोघांचा आवाज मला इथपर्यंत येतो."

मग एक दिवस गंजाडच्या चढावर प्रविणला चक्कर आली. गाडी कडेच्या पळसाला टेकली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला आणि चष्मा काढला. गोळ्या दिल्या. म्हणाले, "ओरडणं बंद. रोज तासभर समुद्रावर जाऊन शांत बसायचं. इतका सुंदर किनारा आहे तुम्हाला, त्याचा उपयोग करा. निसर्गाशी नातं जोडा."

नातं जोडा! दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत संगिताने तोंड आवरलं, तेवढंच. "आहेत ती नाती निभावताना नाकी नऊ आलेत," ती म्हणाली, "त्यात आता समुद्राची सोयरीक. त्याच्या मानपानाला कोण पुरणार?"

प्रविण त्यावर काहीतरी खमंग बोलेल म्हणून ती थांबली. तो नुसता हसला.

वीस दिवसांत रक्तदाब उतरला. डॉक्टर खूश. शेजारीपाजारी खूश. प्रविणच्या तोंडून मोठा शब्द म्हणून निघेना. टमटममध्ये तो हँडल धरून बसलेला असायचा आणि लोक चढताना विचारायचे, "आज प्रविण नाही काय?" संगिताने मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घातलं, त्याने वाटी पुसून खाल्ली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस बरा झाला म्हणून चिडणारी बायको जगात ती एकटीच असेल, हे तिलाही कळत होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता.

आणि एका मंगळवारी तो अर्ध्या भाकरीवरून उठला. हात धुतला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, "जातो."

२

आता हे कुणाला शिकवावं लागत नाही. घरातून पाय बाहेर पडताना माणूस "येतो" म्हणतो. वाण्याकडे जाणारा म्हणतो, दुबईला जाणाराही म्हणतो. भांडून तणतणत निघालेलाही उंबऱ्यावर दातओठ खात का होईना, पण "येतो" म्हणतो. आणि आतलं माणूस "ये" म्हणतं, नाहीतर "या" म्हणतं. तेव्हा कुठे ते निघणं पुरं होतं.

"काय म्हणालात?" संगिता पोळपाट टाकून उठली. "जातो म्हणू नये. येतो म्हणावं. जीभ झडली का तुमची?"

"तेच गं," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज ती ओरडायची, रोज तो "तेच गं" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "जातो". सगळा पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या दिवशी तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मंगळवारी तो साडेअकराला उठला होता, आज पावणेदोन वाजले होते. रोज पाऊण तास उशिरा. घड्याळाकडे बघत नव्हता, मोबाईलकडे बघत नव्हता. बोलता बोलता मध्येच उठायचा, कुणीतरी हाक मारल्यावर उठतो तसा.

चिकूच्या वाडीत ती निवडीच्या कामाला होती. चिकू धुवायचे, लहानमोठे वेगळे करायचे, खोक्यात भरायचे. शेजारच्या पाटावर सरिता असायची. सरिताला पोटात काही ठेवता येत नसे, म्हणून तिला काही सांगू नये, आणि म्हणूनच सगळ्या तिलाच सांगायच्या.

"समुद्रावर जाऊन त्याला शांती मिळाली म्हणतेस?" सरिता म्हणाली.

"हो ना."

"मग आडनाव विचार तिचं."

निवडायला बसलेल्या सगळ्या हसल्या. संगिताने हातातला चिकू असा दाबला की त्याचा लगदा झाला. सरिता वरमली. हळूच म्हणाली, "अगं, गंमत केली. पण माणूस असा एकदम गोड झाला ना, की कुठेतरी पाणी मुरतंय समजावं."

संगिताला हे आधी सुचलं कसं नाही, याचंच आश्चर्य वाटलं. आणि मग असा राग आला की त्या रागात तिला जवळजवळ बरं वाटलं. बाई असेल तर सोपं होतं. बाईच्या झिंज्या धरता येतात.

३

पंधरवड्यात त्याची निघायची वेळ सरकत सरकत पुन्हा सकाळवर आली. त्या बुधवारी तिने वाडीत अर्धी सुट्टी टाकली आणि त्याच्या मागे पन्नास पावलं ठेवून निघाली.

किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, त्यांच्या आडून तिने बघितलं. भर सकाळचे अकरा. ओहोटी लागलेली. डहाणूचा समुद्र उतरतो तेव्हा असा उतरतो की पाणी कुठे गेलं ते शोधावं लागतं. शे-दीडशे पावलं नुसती ओली, काळपट वाळू. रविवारी तिथे गर्दी असते, घोडा असतो, भेळवाले असतात. आज चिटपाखरू नव्हतं. आणि त्या मोकळ्या सपाटीवर, अगदी पाण्याच्या काठाला, प्रविण मांडी घालून बसला होता. पाठ इकडे, तोंड तिकडे.

तासभर ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही. तो फोनवरही बोलला नाही. फक्त मधूनमधून मान हलवायचा, ऐकणारा माणूस हलवतो तशी. आणि एकदा हसला. पाठमोरा माणूस हसला की खांद्यावरून कळतं.

मग तो उठला. वारा तिकडून इकडे होता, म्हणून शब्द तिला स्पष्ट ऐकू आला.

"येतो हं," तो पाण्याकडे बघून म्हणाला.

घरातून निघताना अठरा वर्षं म्हणायचा त्याच सुरात. म्हणाला आणि लगेच वळला नाही. थोडा थांबला. पलीकडून "या" ऐकू येईपर्यंत थांबतात, तेवढाच.

तो निघून गेल्यावर संगिता झाडाआडून बाहेर आली. तिला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं. घरी जातो आणि समुद्राला येतो! म्हणजे घर कुठलं आणि पाहुणचार कुठला? ती तरातरा त्याच्या जागेपर्यंत चालत गेली. वाळूत त्याच्या बैठकीचा खळगा पडला होता आणि त्यात पाणी साचत होतं.

त्या खळग्याच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर दुसरा खळगा होता. तसाच. उजवीकडे आणखी एक. तिने मान वळवली तशी ती रांग दिसत गेली, खाडीच्या दिशेने, बाक मारत, नजर पोचेपर्यंत. पंगत उठून गेल्यावर दिसते तशी.

कुत्री असतील. खेकडे असतील. कालची पोरंबाळं असतील. असं तिने स्वतःला मोठ्याने सांगितलं. पण काल बसलेल्यांच्या खुणा दोन भरत्यांत राहत नाहीत, हे तिलाही कळत होतं. आणि जिथे ते खळगे होते तिथून पाणी हटून तासभरच झाला होता, त्या तासात तिथे प्रविणशिवाय कुणी आलं नव्हतं.

४

घरात शांतता किती मोठी असते हे संगिताला तेव्हा कळलं. पंख्याची कटकट, वाडीतल्या पंपाचा आवाज, पालीची चुकचुक, सगळं ऐकू यायला लागलं. प्रविण दुपारी बाहेरच्या खोलीत चटईवर आडवा व्हायचा. ती आत तांदूळ निवडत असायची आणि तिचे हात थांबायचे.

त्याचा श्वास. तो घ्यायचा, मग सोडायचा, आणि सोडतच राहायचा. इतका वेळ की छातीत एवढा वारा मावतो कुठे असं वाटावं. मग काहीच नाही. ती दाणे मोजायची. वीस, तीस, चाळीस. ती उठायला लागली की तिकडे पुन्हा श्वास आत यायला लागायचा, हळूहळू, खरखरत.

गोळ्यांमुळे असेल. रक्तदाब उतरला की असं होत असेल. तिने डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी आनंदाने सांगितलं, "दीर्घ श्वसन! उत्तम आहे." तिने फोन आपटला.

शुक्रवारी संध्याकाळी रविनाचा फोन आला. "आई, काल मी बाबांना सांगितलं की मला गणितात अठ्ठावीस पडले."

"मग?"

"मग काय? काहीच नाही. चांगलं आहे म्हणाले. मी मुद्दाम सांगितलं गं, मला बहात्तर पडलेत. त्यांना सांग ना मला ओरडायला."

शनिवारी दुपारी हिरूमावशी दारावर आली. धाकट्या डहाणूची कोळीण, साठीची, डोक्यावर पाटी. वीस वर्षं ती याच दारावर मांदेली आणि बोंबील विकत होती आणि वीस वर्षं संगिताशी भावावरून भांडत होती. ती पाटी उतरवून बसते न बसते तोच प्रविण आतून आला, चपला घातल्या, "जातो" म्हणाला आणि तिच्या बाजूने निघून गेला. हिरूमावशीने अंग चोरलं. मग लुगड्याचा जो भाग त्याला घासला होता तो चाचपून बघितला. तो ओला होता.

"कुठे जातो हा?" तिने विचारलं.

"समुद्रावर. शांती मिळवायला."

"त्याला पाण्याची वेळ कोण सांगतं? आत्ता कुठे दर्या हलला. आमच्या गड्यांनासुद्धा विचारावं लागतं."

हिरूमावशीने मांदेली मोजायला घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आणि तू काय म्हणालीस त्याला?"

"काय म्हणणार? ते जातो म्हणतात, मी शिव्या घालते."

"'या' म्हणालीस का?"

"ते जातो म्हणतात तर मी या कसं म्हणू?"

"तरी म्हणायचं," हिरूमावशी म्हणाली. तिचा भावाच्या वेळचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बाय, आमचा माणूस दर्यावर निघाला की घरातून 'ये' म्हणतात. भांडण झालं असलं तरी म्हणतात. तोंड बघायची इच्छा नसली तरी पाठ करून म्हणतात. माझ्या सासूने दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यालासुद्धा म्हटलंय. दुसरं काय बोलायचं ते बोल, पण तेवढं चुकवू नको. आणि तो दुसरा शब्द तर तोंडातून काढूच नको."

"कुठला?"

हिरूमावशीने तो शब्द उच्चारला नाही. मासळी देऊन पाटी उचलून गेली. त्या दिवशी तिने भाव केला नाही.

५

सोमवारपर्यंत संगिताने ते पाळलं. तो "जातो" म्हणायचा, ती दात आवळून "या" म्हणायची. दोन दिवस. तेवढे दोन दिवस तो अंधार पडायच्या आत घरी आला. तिसऱ्या दिवशी तिचा बांध फुटला, आणि त्याला कारण असं काही मोठं नव्हतं.

मंगळवार होता. तिने वाडीत सुट्टी टाकली होती. ठरवलं होतं, आज याला सोडायचा नाही. सकाळीच त्याच्या चपला गव्हाच्या डब्यामागे लपवल्या, दाराला आतून कडी घातली आणि दारालाच पाठ लावून बसली. दुपारी तो जेवणावरून उठला. चपलांच्या जागी बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि समोर उभा राहिला. अदबीने. बँकेत रांगेत उभा राहतो तसा.

"बसा," ती म्हणाली. "आज भांडायचं आपण."

तो दाराच्या कडीकडे बघत राहिला.

"तुमच्या आईने माझ्या बापाला लग्नात काय म्हटलं होतं, आठवतं?" काही नाही. "तुमची टमटम मी विकणार आहे." काही नाही. "पोरगी नापास झाली. रडते आहे तिकडे." त्याने मान हलवली, समजूतदारपणे.

मग तिने नेम न धरता जे हाताला येईल ते फेकलं. ताट, तांब्या, पोळपाट. तांब्या त्याच्या कोपराला लागला. "ओरडा!" ती किंचाळली. "माणूस आहात ना? अरे, एक शिवी तरी द्या! मी तुम्हाला दगडासारखं बघायला बसले नाही इथे!"

तो वाकला. तांब्या उचलून जागेवर ठेवला. त्याच्या पँटच्या घडीतून बारीक वाळू सांडली. मग तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत, इतक्या हळू, इतक्या शांतपणे म्हणाला, "जातो."

ती शांतता. दुसरं काही नसतं तरी चाललं असतं. त्या शांततेनेच तिचं डोकं सणकलं. तिने कडी काढली, दार असं ढकललं की ते भिंतीवर आपटून परत आलं, आणि ओरडली, "जा! जा एकदाचे! जा!"

तोंडातून शब्द गेल्यावर तिला हिरूमावशी आठवली. आधी आठवली नाही असं नाही. आधीही आठवली होती. हेच खरं, आणि हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही.

प्रविणने तिच्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. सुटका होती. कुणीतरी उशिरा का होईना, परवानगी दिली, तशी. तो अनवाणीच गेला.

६

ती किती वेळ तशीच बसली होती कोण जाणे. उठली तेव्हा साडेतीन वाजले होते. मग मात्र ती पळाली. रस्त्याने, सुरूतून, वाळूवरून, पदर खोचून, स्वतःला शिव्या घालत. आग लागो त्या जिभेला. आग लागो त्या डॉक्टरला.

पाणी नेहमीपेक्षाही लांब गेलं होतं. ऊन समोरून येत होतं आणि ओली सपाटी डोळ्यांना खुपत होती. त्या चकाकीत प्रविणचा काळा ठिपका दिसला. तो बसलेला होता, पण आज काठावर नाही. काठाच्या पुढे. कमरेपर्यंत पाण्यात.

"अहो!"

तो हलला नाही. ती धावत राहिली. पाय रुतत होते.

"अहो, या! चुकले मी! या!"

काही नाही. पाणी वळायच्या बेतात होतं. एक लांब, सपाट लाट त्याच्या पाठीवरून गेली आणि त्याने ती जाऊ दिली. संगिताचा सगळा राग, महिन्याभराचा, अठरा वर्षांचा, तिच्या घशात आला. तिने छाती फुटेस्तोवर हाक दिली. "या म्हणते ना! घरी या! सगळं टाकून घरी या!"

तेव्हा तो उठला. ओल्या वाळूतून बूड सुटताना जो पचकन आवाज होतो, तो तिला चाळीस पावलांवरून ऐकू आला.

मग तोच आवाज त्याच्या डावीकडून आला. मग उजवीकडून. मग त्याच्याही पलीकडून, आणि तसाच एकामागून एक, खाडीच्या दिशेने, लांब लांब जात राहिला.

ती समोर बघत होती. समोर तिचा नवरा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं ऊन होतं. तो काठावर येऊन तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा तिने नजर खाली घातली. सूर्य पश्चिमेला, म्हणून प्रविणची सावली तिच्या पायांपर्यंत आली होती. त्या सावलीच्या शेजारी वाळू काळी झाली होती. तिच्या शेजारची पण. त्या काळ्या पट्ट्यांना डोकी होती की नाही हे बघायला ती थांबली नाही. तिने पुढे होऊन प्रविणचा हात धरला. बोटं थंड होती आणि बाळंतिणीचे कपडे धुणाऱ्या बाईची असतात तशी सुरकुतलेली. त्याने हात सोडवून घेतला नाही. ती वळली आणि चालू लागली.

मागे पावलं होती. दोन पायांची नव्हती.

वारा आहे, ती म्हणाली. भरती लागली आहे, तिचा आवाज आहे. मागे वळून बघितलं असतं तर एका क्षणात निकाल लागला असता. तिने बघितलं नाही. ती डहाणूतली सगळ्यात भांडखोर बाई, कुणाच्या बापाला न भिणारी, आणि तिची मान वळेना.

रस्ता ओलांडताना एक रिक्षा आली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला, दोघांना जाऊ दिलं. ती पलीकडच्या कडेला पोचली तरी रिक्षा जागची हलली नाही. रिक्षावाला हँडलवर हात ठेवून समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. देवाची पालखी जाईपर्यंत थांबतात तसा. त्यांचं दार दिसायला लागलं तेव्हा कुठे मागून रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

आणि तेव्हा तिला स्वतःची हाक आठवली. नवऱ्याला "या" म्हणायचं, मानाने, अठरा वर्षांची सवय. पण "या" एकालाही म्हणतात आणि शंभरांनाही म्हणतात.

७

ती आत गेली. प्रविण उंबऱ्याबाहेर थांबला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. अंगणातली सगळी धूळ ओली झाली होती, अगदी कुंपणापर्यंत.

"आलो," तो म्हणाला.

एक माणूस आला तरी "आलो" म्हणतो. दहा आले तरी तेच. संगिताने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

गंजाडला माहेरी तिची आई बापाला जन्मभर "तू" म्हणाली होती. सगळी पाड्यावरची माणसं म्हणतात. इथे सासूने "अहो" शिकवलं, शहरात शोभत नाही म्हणून. संगिताने घसा खाकरला आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघून आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "तू ये. फक्त तू."

प्रविणने आधी मागे वळून बघितलं. कुणाला बोलावते आहे ते. मग, ज्याला बोलावलं त्याला वाट द्यावी म्हणून, तो अदबीने एक पाऊल बाजूला सरकला.

उंबऱ्यावर पाण्याचा एक थेंब पडला. वरून. मग दुसरा, थोडा आतल्या बाजूला.

"नाही!" संगिता ओरडली. "तुम्ही! तुम्ही हो! तुम्ही या आत!"

प्रविण आत आला. सरळ येऊन आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. दार उघडंच होतं आणि ते बराच वेळ उघडं राहिलं. घरातली हवा हळूहळू खारट आणि गार झाली, चटईचा रंग गडद होत गेला, आणि तिला पाठ टेकायला भिंतीशिवाय जागा उरली नाही.

मग खुर्चीतून आवाज आला. मोठा, खणखणीत, दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा. "अगं, बघत काय उभी राहिलीस? चहा टाकणार आहेस की मुहूर्त काढायचाय? आणि तांब्या कुणी मारला मला?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोच होता. कपाळावरची शीर उडत होती, डोळे लाल झाले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. तिचा नवरा परत आला होता, पुरता. तिला वाटलं त्याच्या अंगावर धावून जावं, दोन गुद्दे घालावेत आणि रडावं. पण त्याच्यापर्यंत जायला वाट नव्हती.

मग ती भडकली. माझं घर. माझी चटई. माझ्या सासूचा पलंग. यांची काय टाप! सगळा जन्म ज्या जिभेने गाजवला ती जीभ टाळ्याला लागली, एकच शब्द, एकाच दणक्यात सगळ्यांना अंगणाबाहेर काढणारा. तिने तोंड उघडलं.

आणि मिटलं. ये आणि या, यांत फरक आहे. पण जा म्हटलं तर त्याला एक काय आणि शंभर काय. खुर्चीतला माणूस मघाशी तो शब्द ऐकून एकदा उठून गेला होता.

"काय गं? गिळलीस काय जीभ?" प्रविण ओरडला.

संगिताने तो शब्द गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला, आणि तो घशातून खाली जाताना दुखला. तिने पदराने डोळे पुसले. समोरच्या रिकाम्या खोलीकडे बघून, पाहुण्यांना म्हणतात त्या आवाजात म्हणाली,

"बसा."

चटई दबली. आतल्या खोलीत पलंग करकरला. मग स्वयंपाकघरात पाट सरकला, मग ओट्याखाली काहीतरी ओलं टेकलं, मग तिच्या पायाशी. ते सगळे नीट बसेपर्यंत ती भिंतीला लागून उभी राहिली, आणि मग चहाचं आधण ठेवायला मोठं पातेलं शोधू लागली.